दार मात्र पूर्वेला

एका जंगलात सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी एकशेवीस बिऱ्हाडांनी आपापल्या नव्या खोलीत एकदमच उजवा पाय टाकला. सगळं तिथून सुरू झालं. नीट ऐका बाळांनो, आणि मध्ये प्रश्न विचारू नका. त्या जंगलातही कुणी विचारत नसत.

त्या जंगलात दाटी फार. एकेका झाडावर शंभर बिऱ्हाडं. शेवंता नावाची खार आंब्याच्या एका फटीत तीन पिल्लांना घेऊन राहायची. चौघांना एकदम आडवं होता येत नव्हतं, म्हणून पिल्लं झोपली की ती बसून राहायची. शेजारच्या ढोलीत धामण राहायला आली, तेव्हापासून तिने बसल्या बसल्या डुलकी घेणंही सोडलं. तिला एक खोली हवी होती. दार लावता येईल अशी.

सभापती गव्याने जाहीर केलं की सगळ्यांना घरं देऊ, स्वस्तात देऊ, महिन्याभरात देऊ. नदीपलीकडे अस्वलशेठचा कारखाना होता. तिथे साच्यातून अख्ख्या खोल्या निघायच्या. भिंती, छत, फरशी, मोरी, फडताळ, सगळं बसवून तयार. हत्तीने खोली उचलून आणायची, जागेवर ठेवायची, की झाली इमारत.

कल्पना चांगलीच होती. चांगल्या कल्पनेचं काय करायचं ते सभापतींना ठाऊक होतं. त्यांनी ती बगळेशास्त्रींकडे नेली.

बगळेशास्त्री एका पायावर उभे राहून वास्तू सांगायचे. ते म्हणाले, दार पूर्वेलाच हवं, प्रत्येक खोलीचं. अस्वलशेठला आनंदच झाला, एकाच साच्यात काम भागलं. जागा थोडी, म्हणून खोल्यांच्या चार रांगा एकीला एक चिकटून ठेवायचं ठरलं. पुढच्या रांगेच्या पाठीला मागच्या रांगेचं तोंड.

शेवंताने भर सभेत विचारलं, की मग दुसऱ्या रांगेतलं दार उघडून जायचं कुठे? सभापती म्हणाले, आधी घर तर मिळू दे बाई, आत्तापासून नाट लावू नकोस. सगळे हसले. शेवंताही थोडी हसली. खोली हवी होती ना.

मुहूर्त निघाला सात बावीसचा. पण त्या वेळी खोल्या कारखान्याच्या अंगणातच होत्या, उचलल्याच नव्हत्या. शास्त्री म्हणाले, हा टळला तर पुढचा दिवाळीनंतर. मग काय, गृहप्रवेश अंगणातच उरकला. सगळ्यांनी दूध उतू घालवलं, दारं लावून घेतली आणि आत बसले. हत्तीने बिऱ्हाडांसकट खोल्या नेल्या आणि मांडणीवर डबे लावावेत तशा लावल्या. आधी मागच्या रांगा, शेवटी पुढची.

पहिल्या रांगेतली मंडळी दारं उघडून बाहेर आली. पेढे वाटले, फोटो निघाले. मागच्या तीन रांगांतलं कुणीच फोटोत नव्हतं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या रांगेत शेवंताने दार आत ओढलं. समोर भिंत.

धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, बाहेर कुठे गेलं?"

मोरीची नळी तेवढी इमारतीबाहेर निघत होती. शेवंताने तिला तोंड लावून हाका मारल्या. बऱ्याच वेळाने बाहेरून सभापती नळीशी वाकले.

"साहेब, दारासमोर भिंत आहे."

"दार आहे ना?"

"आहे."

"पूर्वेला आहे ना?"

"आहे, पण आत पिल्लं..."

"मग तक्रार कसली? भिंत ज्याची आहे त्याच्याशी बोल."

भिंत होती पहिल्या रांगेतल्या वामनराव सशांची. ते पलीकडून फार गोड बोलले. "वहिनी, तुमची अडचण कळते हो. पण त्याच भिंतीला आम्ही देवघर लावलंय. तुम्ही दुसरीकडून बघा."

दुसरीकडे दुसऱ्यांच्या भिंती होत्या.

दुपारपर्यंत पिल्लं धापा टाकायला लागली. मग थोरलं बोलेनासं झालं. त्यानंतर शेवंताने कुणाला काही विचारलं नाही. तिने भिंतीला दात लावले. भिंत लगद्याची होती, स्वस्तातली. दिवस मावळायच्या आत वामनरावांच्या देवांमधून एका खारीचं तोंड पुढे आलं. तिने एकेक पिल्लू मानेला धरून बाहेर काढलं आणि वाऱ्यावर ठेवलं. थोरल्याने सगळ्यात शेवटी डोळे उघडले. कुरतडण्याचा आवाज ऐकून मागच्या उंदरा-घुशींनीही दात लावले, आणि सगळी बिऱ्हाडं बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी शेवंताला नोटीस आली. सार्वजनिक भिंतीला भोक पाडलं. शेजाऱ्यांच्या देवांना धक्का लावला. पूर्वेला दार दिलेलं असताना ते न वापरता बाहेर पडली. खोली काढून घेतली. शेवंता पिल्लांना घेऊन पुन्हा आंब्याच्या फटीत गेली आणि धामणीच्या ढोलीकडे बघत बसून राहिली.

सभापतींनी चूक मात्र मोकळ्या मनाने कबूल केली. पुढच्या इमारतीत भिंती दगडी असतील, म्हणाले. दात लागणार नाहीत अशा. टाळ्या पडल्या.

तात्पर्य: स्वस्त घर मिळालं की आत गुमान बसावं. बाहेर पडणं ही चैन आहे, ती पहिल्या रांगेने करावी. श्वास घेणाऱ्यांमुळे चांगल्या योजना बदनाम होतात. तुमच्या ओळखीत कुणी अर्ज भरला असेल तर त्याला हे आजच सांगा. त्याचे पेढे वाटून झाले असले तरी सांगा.