जागा शिल्लक नाही

नळकाकांनी सकाळपासून तिसऱ्यांदा फोनवर बोट टेकवलं आणि फोनने तिसऱ्यांदा तेच सांगितलं. जागा शिल्लक नाही.

"अगं, नव्वद एमबी हवेत म्हणतोय हा. आहेत सत्तर!"

"मग वीस कमी पडतायत," आतून काकूंचं उत्तर आलं. उत्तर बरोबर होतं, उपयोग शून्य.

तीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करता करता काकांना हे नाव चिकटलं होतं. आता गुडघे बोलायला लागले होते. सिंकखाली शिरलं की बाहेर यायला दुसऱ्याचा हात लागायचा. अशात एका मोठ्या शाळेचं काम चालून आलं. तीन इमारती, एकशे बारा नळ आणि सगळे उभ्याने हात पोचेल असे. फक्त शाळेतल्या कारकून बाईंनी फोनवर एक अट घातली होती. "काका, आता सगळं ॲपवर. डाउनलोड करा, अर्ज भरा. चार वाजता बंद होतंय, मग माझ्या हातात काही नाही."

जागा करायची तर काहीतरी काढायला हवं. काकांनी फोटो उघडले. तीन वर्षांतले चारशे फोटो, आणि त्यात माणूस एकही नव्हता. गंजलेले पाईप, फुटलेले जॉइंट, दुरुस्तीच्या आधी आणि दुरुस्तीच्या नंतर. एका फ्लशच्या टाकीपाशी ते थबकले. ती टाकी तीन जणांना जमली नव्हती, काकांना जमली होती. शेवटी मन घट्ट करून त्यांनी सगळे फोटो एकदम उडवले.

जागा : सत्तर एमबी.

"फोन खोटं बोलतोय," काका म्हणाले.

"तुमच्या दादांची रोज सकाळी पाच फुलं येतात त्या ग्रुपवर," काकू पोळपाट घेऊनच बाहेर आल्या. "ती कुठे जात असतील?"

काकांना पटलं. ग्रुपमधून बाहेर पडलं की फुलंही बाहेर पडतील, या हिशेबाने त्यांनी भावंडांचा ग्रुप सोडला. फुलं होती तिथेच राहिली. मात्र दोन मिनिटांत दादांचा फोन आला.

"धाकट्या, काय झालं?"

"कुठे काय?"

"ग्रुप सोडलास! सगळ्यांना दिसलं ते. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर बोल."

काका बिचारे बारा मिनिटं एमबी समजावून सांगत राहिले. "असं कोणी जागेसाठी घर सोडतं का?" म्हणून दादांनी फोन ठेवला. काकांनी पाहिलं, तर जागा चौसष्ट. मग वहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, पण रडण्याच्या बेतात होत्या. मध्येच काहीतरी सांगायला जायच्या आणि थांबायच्या. पंचवीस मिनिटांनी जागा पन्नासवर आली.

"बोललं की कमी होतेय!" काका घाबरून म्हणाले. "आता कोणाशी बोलायचं नाही."

दीड वाजता सून जेवायला घरी आली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे कोणाचं काय दुखतंय ते शांतपणे ऐकून घ्यायची सवय होती. तिने हात धुतले आणि फोन घेऊन दोनच ठिकाणी बोट लावलं.

"बाबा, तुमचा प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतोय. तीन वर्षांपासून. एकोणीस जीबी भरलेत."

"मी कधी सांगितलं याला?"

"काहीतरी दाबलं गेलं असेल. उडवू?"

"थांब!" काकू पुढे सरसावल्या. "मागच्या गुरुवारचा काढ. मी दूध आणायला सांगितलं होतं, आणि हे म्हणतात सांगितलंच नाही."

फोनमधून काकूंचा आवाज स्पष्ट आला, "दूध आणा," आणि त्याहून स्पष्ट काकांचा, "हो हो, आणतो."

"उडव, पोरी," काका घाईघाईने म्हणाले. "सगळं उडव."

एकोणीस जीबी गेले, ॲप आलं. काकांनी नाव भरलं, अनुभव भरला. सव्वातीन वाजता ॲपने शेवटची अट घातली. जुन्या कामांचे किमान दहा फोटो जोडा.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीस वर्षं काम केलं मी," ते हळूच म्हणाले, "आणि सकाळी चार सेकंदांत पुसलं."

"बाबा, पुसलं नाही. उडवलेले फोटो महिनाभर कचरापेटीत असतात. जागाही तेवढीच खातात. म्हणून तर सकाळी आकडा हलला नाही."

तिने कचरापेटी उघडली. पहिलीच ती टाकी होती. काकांनी दहा फोटो असे निवडले, जणू मुलीसाठी स्थळं बघतायत. पावणेचारला अर्ज गेला. दहा मिनिटांत कारकून बाईंचा फोन आला, "काका, फोटो बघून आमचे मुख्याध्यापक खूश झालेत. सोमवारी या."

काका फोन ठेवतात तोच दारावरची बेल वाजली. दारात दादा उभे होते. दोन वर्षांत पाय न ठेवलेले दादा, घामाघूम.

"राग बरोबर आहे तुझा," खुर्चीच्या कडेवर बसत ते म्हणाले. "एमबी-बिमबी मला सांगू नकोस. सख्खा भाऊ प्लंबर असताना नव्या बाथरूमचं काम परक्याला दिलं मी. तुला कळणारच होतं."

काकांना काही कळलेलं नव्हतं. नवं बाथरूम झालंय हेच ते आत्ता ऐकत होते.

"तुझे गुडघे हे असे. तुला फरशीवर बसवायचं जिवावर आलं रे. शिवाय तू पैसे घेतले नसतेस."

"अहो दादा, ते ग्रुपचं तर—" काकूंनी तोंड उघडलं. काकांनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं. आधी त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मग दादांच्या घामेजलेल्या कपाळाकडे बघता बघता बरं वाटायला लागलं होतं.

"जाऊ दे दादा. काम झालं ना चांगलं?"

दादांनी मान खाली घातली. "शेजघराची भिंत ओली झालीय. सकाळपासून गळतंय. तुझी वहिनी तेच सांगायला बसली होती फोनवर, तिचा धीर झाला नाही."

"सकाळपासून? अरे, निघताना पाण्याचा मुख्य कॉक तरी बंद केलास ना?"

"कॉक?" दादांनी विचार केला. "तो कुठे असतो?"

पण हे ऐकायला काका तिथे नव्हते. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते निम्मा जिना उतरले होते.