हिरव्या पानाची वाटी आणि तीन किलो आठशे चार ग्रॅमची मोहीम

वाचणारांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, आपण कृपा करोन पुसिले की, जे अन्न तीन मिनिटांत हाती येते आणि वाटीवर हिरवे पान छापिले असल्याकारणे निरोगी म्हणविते, ते देहास खरेच मानवते की काय. याचे उत्तर एका शब्दात देता आले असते. परंतु नुसत्या शब्दावर आजकाल कोणाचा इतबार बसत नाही, पान छापिले असता मात्र तत्काळ बसतो. सबब पान न छापिता हकीकत सविस्तर लिहिली आहे. यात पदरचे काही घातले नाही, आणि चवीकरिता वरून काही ओतिलेही नाही.

राजमान्य राजश्री मिलीग्रामराव हे वजने-मापे तपासणीचे कचेरीत घनपदार्थ शाखेचे प्रमुख. त्यांचे मूळ नाव दप्तरी आहे, परंतु एके वर्षी एका पितळी वजनात तीन मिलीग्रामांची तूट निघाली आणि त्यावर त्यांनी सहा महिने पत्रव्यवहार चालविला, तेव्हापासोन हाच किताब रूढ जाहला. कॉरिडॉरच्या पलीकडे द्रवपदार्थ शाखा, आणि तिचा अंमल ज्यांजकडे त्या लिटरबाई. उभयतांमध्ये वीस वर्षांचा अलिखित करार ऐसा की, जे ओतिता येते ते बाईंचे, जे ठेविता येते ते रावांचे, आणि एकाने दुसऱ्याचे हद्दीत नाक खुपसो नये. मधाची तक्रार आली असता उभय शाखांत अकरा दिवस मसलत चालली होती. असो.

रावांचे रक्तातील साखरेचा तीन महिन्यांचा आकडा, जो साताचे आत असावा, तो आठ पूर्णांक दोन निघाला. मग डॉक्टरसाहेबांचे फर्मान सुटले की, तीन महिन्यांची मुदत देतो, गोड सोडावे आणि हलके खावे, आकडा न उतरल्यास रोज सकाळी पोटात सुई टोचून घ्यावी लागेल. राव सुईस बहुत भीत. त्यांचे कुटुंब, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका बाईसाहेब, तेसमयी शेजारच्या खुर्चीवर होत्या. त्यांचेसमक्ष रावांनी शब्द दिला की, आजपासोन गोडाचा कण तोंडात घालणार नाही. बत्तीस वर्षांच्या संसारात रावांनी दिलेला शब्द मोडिला नव्हता, कारण दिलाच क्वचित होता. सबब या शब्दाचे मोल मोठे.

मग मोहीम सुरू जाहली. कचेरीसमोर काचेचे एक उपाहारगृह, आत दोन फलक. लाल फलकावर तळीव आणि फेसाळ असा सारा बदनाम मुलूख, आणि हिरव्या फलकावर पुण्यवंतांची वस्ती. हिरव्या फलकाखाली उभे राहणारांचे मुखावर एक तेज असते, ते लाल रांगेकडे पाहिल्याने अधिक खुलते. राव दररोज दुपारी त्या रांगेत उभे राहोन ‘हरित वाटी’ मागत, आणि तिजसोबत मोठ्या पेल्यात फळांची स्मूदी येई. वाटीत वरती पाने, ती इतकी गार की चवीची चौकशीच उद्भवो नये. पानांखाली कोंबडीचे कुरकुरीत तुकडे. कुरकुरीत म्हणजे तळलेले, परंतु पानाखाली निजल्याने ते शुद्ध होत असावेत, ऐसा त्या उपाहारगृहाचा धर्मसिद्धान्त दिसतो. लाल फलकावर तोच तुकडा पाप आहे.

राव वाटी घेवोन कचेरीत येत आणि आपल्या मेजावरील काट्यावर जेवण तोलीत. पाने एकशे बेचाळीस, कोंबडी पंचाऐंशी, काकडी एकतीस, ऐसे रोजच्या रोज वहीत लिहीत. त्यांचे पेशाची रीत ऐसी की, माल तोलण्यापूर्वी भांड्याचे वजन बाजूस काढावे, ज्यास धडा करणे म्हणतात. ही रीत रावांचे हाडी खिळलेली. तो शिरस्ता पाळोन राव धडा करीत, मग जेवीत, आणि मग वही पाहोन संतोष पावत. ऐसे कचेरीचे साठ दिवस चालले. एके दिवशीही वहीत गोड पदार्थ चढला नाही.

तीन महिने भरले आणि आकडा आला. नऊ पूर्णांक एक.

डॉक्टरसाहेबांनी नुसते चष्म्यावरून पाहिले, आणि सुईचा मुहूर्त पुढील सोमवारचा लिहोन दिला. खरा दरबार घरी भरला. बाईसाहेबांनी पर्स टेबलावर ठेविली आणि उभ्यानेच जाबसाल घेतला.

“कुठे खाता?”

“काय?”

“गोड. किती खाता ते विचारत नाहीये, कुठे खाता ते सांगा.”

“अगं, शपथेवर सांगतो, एक कण—”

“माझ्याकडे सातशे मुलं आहेत. रोज पन्नास तरी शपथेवरच सांगतात.”

रावांनी वही पुढे केली. बाईसाहेबांनी ती चाळिली आणि शेरा दिला की, अक्षर चांगले आहे. मग त्या दिवसापासोन घरात संभाषणबंदी जाहली, कोटाचे खिसे तपासले जाऊ लागले, आणि रावांना जे कळवायचे ते फ्रिजवर चिठ्ठी लावोन कळविले जाऊ लागले, तेही लाल शाईने. सुईचे दुःख रावांस होतेच. परंतु बत्तीस वर्षांचा इतबार एका आकड्याने बुडाला, हे दुःख काट्यावर मावेना. सोमवारास सहा दिवस राहिले.

दुसरे दिवशी लिटरबाई थर्मामीटर परत करावयास घनपदार्थ शाखेत आल्या, तो राव काट्यासमोर वाटी ठेवोन मान खाली घालोन बसलेले.

“हे काय लिहिताय?”

“जेवण. सगळं मोजून खातो, तरी साखर वाढली. घरी मला खोटारडा ठरवलंय.”

बाईंनी वही वाचिली. मग रावांचे हाताकडे पाहिले.

“आणि हे पिताय ते?”

“स्मूदी. फळांची आहे.”

“ती कुठे लिहिलीये?”

“द्रव आहे ना,” राव सहज बोलिले. “द्रव आमच्या शाखेत येत नाही.”

लिटरबाईंनी थर्मामीटर हळूच मेजावर ठेविला.

“अहो राव, पोटात दोन शाखा नसतात.”

मग बाईंनी वाटीतील झाकणाची लहान डबी उचलिली, जिजमध्ये पिवळा गोडसर सॉस येतो, आणि पुसिले की हा कोठे नोंदविला. राव म्हणाले की, झाकणबंद येतो म्हणोन पॅकिंगमध्ये धरिला आणि धड्यात वजा केला.

“रिकाम्या डबीचा धडा केलात की भरलेल्या?”

तीन मिलीग्रामांकरिता सहा महिने लढलेल्या पुरुषाने साठ दिवस भरली डबी भांडे समजोन वजा केली होती, आणि जेवतेसमयी ती पानांवर निथळोन चमच्याने पुसोन खाल्ली होती. येथे लेखणी थांबते. थांबोन पुन्हा चालते, कारण याहून शहाण्यांनी याहून मोठ्या वस्तू धड्यात घातलेल्या आहेत, आणि त्यांस तर मधुमेहदेखील नव्हता.

मग वीस वर्षांत प्रथमच उभय शाखांची फौज एक जाहली. रावांनी ग्रॅमचा काटा घेतला, बाईंनी मोजपात्र घेतले, आणि दोघे दुपारची गर्दी ओसरल्यावर उपाहारगृहावर चालोन गेले. पाकिटावरील वजन तपासणे हा त्यांचा सरकारी हक्क, आणि वजनाच्या खालीच घटकांची यादी बारीक अक्षरांत छापिलेली असते, हा निव्वळ योगायोग. व्यवस्थापक टोपी घालोन सामोरा आला. गृहस्थ सौजन्याचा, परंतु पाठ केलेल्या वाक्यांपलीकडे जाण्याची परवानगी त्यास नसावी.

“सर, आमच्याकडे सगळं नॅचरल आहे.”

“साखर पण नॅचरलच असते,” लिटरबाई बोलिल्या.

“पण मॅडम, आमच्या वाटीवर पान आहे.”

“कसलं पान?”

व्यवस्थापकाने वाटी उचलिली आणि बहुधा प्रथमच तिजकडे निरखोन पाहिले.

“हिरवं,” तो म्हणाला.

मग कोठीचे दार उघडिले. सॉसच्या बादलीवर यादी मिळाली. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, हे रावांस ठाऊक. पहिले नाव तेल, दुसरे नाव साखर, मधाचे नाव नवव्या जागी, मिठाच्याही मागे, आणि चित्र मात्र बादलीभर मधाचे. शंभर ग्रॅमास बावीस ग्रॅम साखर. डबीतील सॉस सत्तर ग्रॅम भरला, म्हणजे साखर पंधरा पूर्णांक चार. मग बाईंनी स्मूदीचा पेला मोजपात्रात ओतिला, तो चारशे मिलिलिटर, आणि स्मूदीच्या खोक्यावर शंभरास बारा, म्हणजे साखर अठ्ठेचाळीस. लाल फलकावरील काळ्या फेसाळ पेयाचा तोच पेला घेतला असता बेचाळीस निघाले. म्हणजे पाप टाळोन पुण्य केले असता सहा ग्रॅम अधिक पदरी पडतात. पुण्याचा संचय म्हणतात तो हाच असावा. तेलाची चौकशी त्या दिवशी उघडिली नाही. एका मोहिमेत दोन गनीम घेऊ नयेत.

कोठीत बादल्यांमागे एक स्टीलचा डबा दिसला. राव म्हणाले, हा माल कोणता. व्यवस्थापक लाजला.

“माझा डबा आहे, सर. घरचा.”

“तुम्ही हे खात नाही?”

“मला ॲसिडिटी होते.”

एका दिवसाचे त्रेसष्ट पूर्णांक चार, आणि दिवस साठ. रावांनी गुणाकार तीनदा केला, तो तीन किलो आठशे चार ग्रॅम आला. मग त्यांनी ऐसा मनसुबा केला की, कोणी कोणास सांगितलेल्या आकड्यावर आता विश्वास ठेवीत नाही, तरी आकडा उचलोन दाखवावा. वाण्याकडोन चार किलो साखर आणिली, कचेरीच्या प्रमाणित काट्यावर पिशवीचा धडा केला (रिकाम्या पिशवीचा), एकशे शहाण्णव ग्रॅम काढोन बाजूस ठेविली, आणि उरलेली उराशी धरोन घरी चालिले.

सायंकाळी साडेसहास बाईसाहेबांनी दार उघडिले. समोर यजमान, ज्यांजवर गोड चोरोन खाण्याचा आरोप होता, आणि त्यांचे कवेत पिशवीभर साखर. संभाषणबंदी आपोआप मोडली.

“हे काय आहे?”

“हे मी खाल्लं.”

“काय?”

“तीन महिन्यांत. इतकं. वाटीतून आणि पेल्यातून. तू म्हणत होतीस ते खरं होतं, मी गोड खात होतो. पण मी म्हणत होतो तेही खरं होतं गं. मला माहीत नव्हतं.”

मग त्यांनी पिशवी जेवणाच्या टेबलावर ठेविली, ती ठेविताना टेबल करकरले, आणि डबीची व पेल्याची आणि दोन शाखांच्या हद्दीची सारी हकीकत सांगितली, आपली चूक पहिली सांगितली. बाईसाहेबांनी मध्ये एकही प्रश्न केला नाही, जे सातशे मुलांपैकी कोणास आजवर लाभले नव्हते. पिशवी दोन्ही हातांनी उचलोन पाहिली आणि खाली ठेविली. मग निवाडा दिला.

“खोटारडे नाही आहात तुम्ही. वेंधळे आहात. वेंधळ्यांना मी पास करते.”

रावांचे डोळे भरोन आले. बाईसाहेब फ्रिजवरील लाल चिठ्ठ्या एकेक काढो लागल्या. शेवटची चिठ्ठी हाती असता, पाठमोऱ्याच, अगदी सहज पुसिल्यासारखे त्यांनी पुसिले.

“त्यांचीच एक शाखा आमच्या शाळेजवळ पण आहे. तिथे ओट्सचं बिस्किट मिळतं, मोठं. पाकिटावर पान असतं. आम्ही स्टाफरूममध्ये रोज चार वाजता... त्यात किती असेल हो?”

बत्तीस वर्षांत रावांचे हाती ऐसा समय कधी आला नव्हता. खिसे कोणाचे तपासले गेले, चिठ्ठ्या कोणास लागल्या, हे सारे त्यांचे जिभेवर आले असेल. परंतु राव इतकेच बोलिले:

“बिस्किट घनपदार्थ आहे. आमच्याच शाखेत येतं. पण आज कचेरी बंद झाली.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. डॉक्टरसाहेबांनी पिशवीची हकीकत ऐकोन सुईचा मुहूर्त तीन महिने पुढे ढकलिला, आणि त्या मुदतीअंती आकडा सहा पूर्णांक नऊवर उतरला, तेव्हा हुकूम रद्द केला. उपाहारगृहासही विजय मिळाला, तो असा की, सॉस आता मागितल्यावरच मिळतो, पेल्याचे माप व आतील साखर जैसे थे आहे, आणि हिरव्या फलकावर ‘आता अधिक निरोगी’ ऐसे लिहोन पान दुप्पट मोठे केले आहे, ज्यामुळे रांग दाराबाहेर येते. उभयपक्षी समाधान. लिटरबाई आणि राव हल्ली दुपारी एकाच मेजावर घरचे जेवतात, आणि ताकाचे माप बाई घेतात. बिस्किटाचे वजन अद्याप जाहले नाही. दर आदितवारी बाईसाहेब चहासमयी त्याची चौकशी करितात, आणि दर आदितवारी कचेरी बंद असते.