कान लावून तपासलेला लॅपटॉप

चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली, मंडळी! माझ्या हातात एकही यंत्र मेलेलं नाही. बेशुद्ध पडलं असेल, तेवढंच. एक घड्याळ तर मला नुसतं दुकानाचं कुलूप काढताना बघून घाबरून चालू झालं होतं! त्यामुळे त्या सकाळी सूनबाई रडवेली होऊन म्हणाली, "लॅपटॉप सुरूच होत नाहीये!" तेव्हा मी बाह्या सरसावल्या.

अकरा वाजता त्याच लॅपटॉपवर तिची मुलाखत होती. मोठ्या हुद्द्याची नोकरी! तीन महिने पोरगी जेवतानासुद्धा उत्तरं पुटपुटत होती. मुलगा त्याचा लॅपटॉप घेऊन ऑफिसला गेलेला.

"बाबा, मी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या ताईंना घेऊन येते. तोवर त्याला हात लावू नका हं!"

"छे! मी कशाला हात लावतोय?"

आणि खरंच, मी हात लावला नाही. कान लावला.

यंत्र म्हटलं की आवाज हवा. टिकटिक, खरखर, काहीतरी! हा गडी ढिम्म. पडदा काळाकुट्ट. नाडीचा पत्ता नाही!

एवढ्यात शेजारचे टेलरमास्तर आले. आमच्या घरी काही बिघडलं की त्यांना भिंतीपलीकडून वास येतो.

"काय घड्याळजी, गेला का?"

"जातोय कुठे? कचरा अडकलाय."

मी घड्याळाचा बारीक ब्रश काढून बटणांच्या फटी झाडल्या. मग डोळ्याला भिंग लावलं आणि पडद्याला नाक टेकवून आत कुठे काही हलतंय का ते पाहू लागलो.

"मुलाखत घेणार कोण?" मास्तरांनी विचारलं.

"असतील चार खडूस! बसले असतील टाय लावून, बुजगावण्यांसारखे. खरं म्हणजे आमच्या सूनबाईनंच त्यांची मुलाखत घ्यायला हवी! घरात आम्हा तीन हट्टी जिवांना सांभाळते ती. त्यांचं ऑफिस म्हणजे किस झाड की पत्ती!"

"हे तिला सांगितलंत कधी?"

"वेड लागलंय का मला? डोक्यावर बसेल!"

आवाज ऐकून बायको बाहेर आली. "अहो! पोरीनं हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"हात कुठे लावलाय? ब्रश लावलाय!"

"वाटोळं कराल तिचं!"

तोवर मास्तर घरी जाऊन शिलाई मशीनची तेलाची कुपी घेऊनही आले. "एकच थेंब! माझं मशीन तीस वर्षं याच्यावर पळतंय." कबूल करतो, मला ते पटलं. कुपी कलली. थेंब तोंडाशी आला, फुगला, लोंबला...

"थांबा!"

दारात सूनबाई, मागे दुरुस्तीवाल्या ताई. मास्तर दचकले आणि थेंब पडला तो थेट माझ्या टकलावर!

ताईंनी एक बटण दाबलं, मग दुसरं. पडदा लख्ख उजळला.

"काका, हा बंद नव्हताच. पडद्याचा उजेड शून्यावर गेलाय, आवाजही बंद झालाय. सकाळी कीबोर्ड कुणी पुसला होता का?"

बायकोला एकदम गॅसवरचं दूध आठवलं. जाता जाता म्हणाली, "धूळ होती हो... ओल्या फडक्यानं जरासं..."

पण माझं लक्ष पडद्यावर होतं. सूनबाईनं मुलाखतीचं पान आधीच उघडून ठेवलं होतं आणि आत शिरायचं बटण माझ्या ब्रशनं दाबलं होतं! समोर तीन चेहरे. मधल्या चष्मेवाल्या बाई शांतपणे म्हणाल्या,

"नमस्कार आजोबा. आम्ही जरा लवकर आलो, त्यामुळे दहा मिनिटं तुमचं नाक बघतोय. ओरडलो, हात हलवले, तुम्हाला ऐकू जाईना. एक दुरुस्ती सुचवू? आम्ही चार नाही, तीनच खडूस आहोत."

मी टेबलाखाली काहीतरी शोधायला गेलो. वर सूनबाईचा आवाज ऐकू आला, जरा थरथरता, पण ठाम. "ते माझे सासरे. यांना मी रोज सांभाळते."

"हो, तेही ऐकलं आम्ही," बाई म्हणाल्या. "आता उरलेलं विचारू या."

मिळाली ना नोकरी! आठ दिवसांत पत्र आलं. मी ते मोठ्यानं सगळ्या घराला वाचून दाखवायला घेतलं आणि शेवटच्या ओळीवर अडखळलो. तिथे लिहिलं होतं, 'ऑफिसचा लॅपटॉप घरातील ज्येष्ठ व्यक्तींपासून दूर ठेवावा.'

मी तस्सा शेजारी गेलो. टेलरमास्तर माझ्याहून दोन महिन्यांनी मोठे आहेत. पत्र त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "बघा मास्तर, तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते!"