एका घोटाची मंजुरी

तहानलेल्या माणसाला पाण्याची चौकशी करायला सवड नसते. त्याच्या वतीने ती करावी म्हणूनच समित्या असतात.

रानावनात भटकणाऱ्या हौशी मंडळींसाठी कंपनीने खिशात मावेल असा फिल्टर करायला घेतला, तेव्हा अशीच एक समिती नेमली. (सभासदांपैकी रानात कोणीच गेलेले नव्हते, त्यामुळे मते अगदी निष्पक्ष होती.) फिल्टर घडवता घडवता संशोधक बाईंचे केस पिकले होते. आज मंजुरी मिळाली नाही, तर फिल्टर भंगारात आणि बाई घरी, असे ठरलेले.

बाईंनी ऑफिसमागच्या डबक्यातले हिरवे पाणी सगळ्यांदेखत फिल्टरमधून सोडले आणि भरलेला पेला टेबलावर ठेवला. पाणी इतके नितळ, की त्यातून पलीकडचे अध्यक्षसुद्धा स्वच्छ दिसत होते. टाळ्या झाल्या. मग प्रत्येकाने आपापली घरची बाटली काढून घसा ओला केला.

नियम साधा होता: समितीतल्या एकाने तरी घोट घ्यावा.

"माझा पूर्ण विश्वास आहे हो," विक्रीप्रमुख म्हणाले, "पण मी प्यालो तर लोक म्हणतील, माल खपवायला प्याला."

हिशेबनीस म्हणाले, "माझं पोट मुळातच नाजूक. उद्या बिघडलं तर बदनामी फिल्टरची. तुमच्या भल्यासाठीच नको म्हणतोय, बाई."

"मी सगळ्यात शेवटी घेणार," अध्यक्ष म्हणाले. "मी आधी घेतला तर बाकीच्यांवर दडपण येतं."

"मग मी पिते की! रोज पितेच आहे," म्हणत बाईंनी पेला रिकामा केला.

पण ते ग्राह्य धरता येईना. आपला तो बाब्या, हे समितीला ठाऊक होते.

भाव तिथे देव हे खरे. भाव तिथे घोट असतोच असे नाही. माणशी विश्वास शंभर टक्के, माणशी घोट शून्य. यातून समितीने एकमताने वाट काढली. फिल्टर मंजूर, फक्त वर एक सूचना छापावी: 'यात पिण्यायोग्य पाणीच भरावे.'

"अहो, मग फिल्टर कशाला?" बाईंनी विचारले.

"धीर म्हणून," अध्यक्ष म्हणाले. "रानात माणसाला दुसरं काय लागतं?"

फिल्टर तुफान खपला. लोक तो सॅकला दिसेल असा लटकवतात आणि त्यात विकतचे पाणी भरतात. (स्वच्छ पाणी स्वच्छ करण्यात तो आजवर एकदाही चुकलेला नाही.) बाईंची नोकरी टिकली, वर सत्कारही झाला. पण त्यांना सत्कार नको होता. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणी एक घोट घ्यावा, इतकेच होते त्यांच्या मनात.

वाचकहो, आपण मात्र तसे नाही. समितीला मनापासून हसलात, बाईंसाठी हळहळलात. ते पाहून बाईंनी डबक्यातले पाणी फिल्टरमधून सोडून नवा पेला भरला आहे आणि मोठ्या आशेने आपल्यापुढे सरकवला आहे.

घ्या ना.

अहो, आधी हुंगताय काय?