दीड ताऱ्याचा फोन

पत्नीच्या निधनानंतर केशकर्तनकाराच्या एकाकी जीवनास एकच आधार उरला होता, तो म्हणजे शुक्रवारचा टीव्हीवरील कार्यक्रम. त्यात दोन समीक्षक नव्या चित्रपटांवरून तावातावाने भांडत आणि अखेरीस तारे देत. चित्रपटांची त्यास मुळीच हौस नव्हती. परंतु घरात दोन माणसांचा आवाज होई, एवढ्यावरच त्याचे अंतःकरण तृप्त होत असे.

हळूहळू त्या भाषेने त्याच्या जिभेवर ठाण मांडले. दुकानात एका गिऱ्हाइकाची दाढी आटोपून तो आरशात पाहत गंभीरपणे म्हणाला, "पूर्वार्ध उत्तम. मिशीपाशी पकड सुटली. दोन तारे."

"सुटली म्हणजे? वस्तरा तुझ्याच हातात होता ना, लेका!"

"समीक्षकानं निःपक्षपाती असावं लागतं."

"मग पैसे पण निःपक्षपातीपणे निम्मेच घे!"

महिन्याभरात गिऱ्हाइके समोरच्या दुकानी जाऊ लागली. तिथल्या कारागिरास कशाविषयीच मत नव्हते. रिकाम्या खुर्चीकडे पाहत बसण्यापेक्षा बरे म्हणून हा जुने भागही पुन्हा पाहू लागला आणि दुखणे अधिकच बळावले.

अशात रविवारी परगावच्या लेकीचा फोन आला. तो दर रविवारी येई व चार मिनिटांत आटोपे.

"बाबा, जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवते हं."

"थांब. संवादांत तोचतोपणा आहे. भावना वरवरच्या. शेवट घाईत गुंडाळलाय. दीड तारा."

पलीकडून फोन कट झाला.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्याने फोन कानाशी धरून पाहिला, तो चालू होता. शुक्रवारी समीक्षक भांडू लागले, तेव्हा आयुष्यात प्रथमच त्याने त्यांचा आवाज बंद केला.

तिसऱ्या रविवारी दार धाडकन उघडले. लेक बॅगेसह उभी!

"दीड तारा? पोरांचं आवरून, ऑफिसात मान मोडून राबायचं, वर तुम्हाला फोन करायचा, आणि दीड? आई असती तर तिनं तुमची हजामत केली असती! आणि हे काय, किती वाळलात! फ्रिजमध्ये नुसतं पाणी? बोला की! आता का दातखीळ बसली?"

अर्धा तास ती अखंड बरसत होती. तो स्टुलावर बसून डोळे भरून पाहत होता.

"द्या ना, द्या आता याला तारे!"

त्याने घसा साफ केला.

"पूर्ण पाहिल्याशिवाय मत देऊ नये, पोरी. चार दिवस राहा."