सुभेदारांची काडी

सुभेदार नाना गवताची काडी टाकल्याशिवाय कोणत्याही पाण्यावर विश्वास ठेवत नसत. मग ते कृष्णेचे असो, उसाच्या पाटाचे असो, वा आमच्या शाळेतल्या हौदाचे. काडी कोणीकडे जाते हे पाहूनच ते पाय बुडवीत. हौदातली काडी हलली नाही, तेव्हा त्यांनी मला बजावले, "गुरुजी, पोरास्नी लांब ठेवा. हे पाणी दबा धरून बसलंय."

ही खोड त्यांनी विलायतेहून आणली होती. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते सपत्नीक मुलीकडे राहायला गेले. जावई तिथे डॉक्टर. घर अगदी नदीच्या काठावर, प्रदेश दलदलीचा. दूरवर नुसती लव्हाळी आणि शांतता. नानांना ती शांतताच संशयास्पद वाटे. "नदी हाय, पण आवाज न्हाई. माणसं हायती, पण बोलत न्हाईत. म्हंजे कायतरी शिजतंय का न्हाई?" लव्हाळ्यात दुर्बीण घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी हेर समजून मागून धरले. तो पक्षी पाहत होता. त्याने उलट नानांना चहा पाजला. "गोड बोलून म्हाईती काढत व्हता," हे नानांचे मत कायम राहिले.

पत्नी तिथेच वारली आणि नाना एकटे पलूसजवळच्या आमच्या गावी परतले. आता मुलगी त्यांना न्यायला आली होती, पण ते ऐकेनात. "गुरुजी, तुम्हीच सांगा नानांना," ती डोळे पुसत म्हणाली.

नाना घाटावर काडी टाकून बसले होते.

"तिथल्या पाण्याचा भरवसा न्हाई," ते म्हणाले. "सकाळी तुमच्या वैनीची रक्षा सोडली, वर पिवळी फुलं. गेली झोकात. सांजच्याला बघतो, तर तीच फुलं पोरीच्या दारात माघारी! आपल्याकडं गेलेलं कवा परत येतंय व्हय? म्हटलं, नदीनं तिला घेतलीच न्हाई. दुसऱ्याच दिवशी निघालो."

मी रीतसर समजावले. समुद्र जवळ असला की भरतीचे पाणी नदीत शिरते आणि प्रवाह उलटा फिरतो. ओहोटीला पुन्हा सरळ होतो. हे रोज घडते. यात कोणी कोणाला नाकारलेले नसते.

काडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. नाना तरी तिकडेच पाहत होते.

"म्हंजे ती रोज दारापातूर येती?"

"पाणी येते, नाना."

"तेच म्हंतोय मी. ती दारात, आन् मी हितं!" ते धोतर सावरत उठले. "पोरीला म्हणावं, माझं बी तिकीट काढ."

त्या दिवशी त्यांनी काडी न टाकताच पाण्यात उतरून पाय धुतले.