पाहुण्यांच्या बाजूचे मोघेकाका

मोघेकाका प्रत्येक मॅचला यायचे आणि प्रत्येक मॅचला चुकीच्या बाजूला बसायचे.

चुकीच्या म्हणजे पाहुण्या संघाच्या. आम्ही दुबईत राहणारे, फुटबॉल क्लब दुबईचा, आमच्या कंपनीच्या मालकाचा धाकटा भाऊ त्या क्लबच्या कमिटीवर. आमची बाजू झेंड्यांनी आणि ढोलांनी भरून जायची. समोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर मस्कतहून नाहीतर बहारीनहून आलेली दहापंधरा माणसं, आणि त्यांच्यात इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले, मांडीवर थर्मास धरलेले मिरजेचे वसंत मोघे.

"काका, आपली बाजू ही," मी पहिल्या वेळी त्यांना सांगितलं.

"इकडे माणसं पुष्कळ आहेत रे," ते म्हणाले. "ते लांबून आलेत." आणि अख्ख्या स्टेडियमला वळसा घालून ते पलीकडे गेले.

"लांबून आलेत" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अगदी शेजारच्या अजमानहून फॅक्स मशीन विकायला आलेल्या सेल्समनला ते चहा पाजायचे, कारण तो लांबून आलेला. ऑफिसात नवा टायपिस्ट आला की त्याला पोस्ट, बस स्टॉप आणि शाकाहारी हॉटेल दाखवून आणायचे. एकदा जर्मनीहून ट्रेसिंग पेपरचं खोकं आलं, तर ते त्यांनी दोन दिवस उघडलंच नाही. "बसू दे जरा. लांबून आलंय," म्हणाले. ते आमच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते, वय बावन्न, दुबईत अकरा वर्षं. दुबईच्याच करामा भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही एकत्र राहायचो. काकांची बायको आणि मुलगी मिरजेला असतात, एवढंच मला माहीत होतं. त्यापलीकडे ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

फुटबॉल त्यांना अजिबात कळत नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय हे मी त्यांना किमान दहा वेळा समजावलं असेल. दर वेळी ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "म्हणजे पुढे जाऊन उभं राहणं हा गुन्हा. विचित्रच आहे." पण मॅचच्या दिवशी सकाळी पेपरातून पाहुण्या संघाची नावं काढून एका कार्डावर देवनागरीत लिहायचे आणि दाढी करताना पाठ करायचे. मग मैदानावर ओरडायचे, तेही मराठीत. "शाबास रे यूसुफ! अरे दे की त्याला, दे!"

ही गोष्ट आहे नव्वदच्या दशकातल्या एका सीझनची. आखाती देशांतल्या क्लबांची स्पर्धा होती. दोन मॅच, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे, हरला तो घरी. त्या वर्षी आमचा क्लब पुढे पुढे जात राहिला आणि मोघेकाका दर फेरीत नव्या देशाचे होत राहिले. ओमानच्या क्लबबरोबर फक्त सात माणसं आली होती. काकांनी घरी तळलेल्या चकल्यांचा डबा त्यांच्यात फिरवला. त्यातल्या एका म्हाताऱ्याने चकली उलटसुलट करून पाहिली, खाल्ली, आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून उरलेली मॅच पाहिली. सेमीफायनलला बहारीनची मंडळी ढोल घेऊन आली. काकांनी तोही वाजवून पाहिला. आम्ही या बाजूने हसून हसून बेजार झालो.

फायनलला मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही.

फायनलची दुसरी मॅच आमच्याकडे होती, कतारच्या क्लबशी. मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. त्यांनी पूर्ण स्टाफला तिकिटं दिली, क्लबच्या रंगाच्या टोप्या दिल्या, बस केली. मॅनेजर थॉमसने नोटीस लावली, सगळ्यांनी एकत्र, अरबाबच्या मागच्या रांगांमध्ये बसायचं. मी काकांना म्हटलं, "आजचा दिवस इकडे बसा. प्लीज."

त्यांनी समोर पाहिलं. वीसएक माणसं असतील. "बघतो," म्हणाले, आणि पाच मिनिटांनी त्यांची खुर्ची रिकामी.

बरोबरीत चाललेली मॅच शेवटच्या मिनिटांत फिरली. कतारवाल्यांनी गोल केला. आमच्या बाजूचे ढोल थांबले. समोर वीस माणसं वेड्यासारखी नाचत होती आणि त्यांच्या मधोमध, डोक्यावर आमच्याच क्लबची टोपी घालून, मोघेकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते. टीव्हीच्या कॅमेऱ्याला याहून चांगलं दृश्य कुठलं मिळणार? ते दोनदा दाखवलं म्हणे. आमचा क्लब हरला.

बसमध्ये काकांच्या शेजारी कोणी बसलं नाही. मी बसलो, पण तोंड खिडकीकडे करून.

दुसरा दिवस शुक्रवार, सुट्टीचा. काकांच्या व्हिसाची मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि रिन्यूअलचा कागद अरबाबच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. काकांनी दिवसभर कपडे धुतले. धुतलेलेसुद्धा परत धुतले. संध्याकाळी म्हणाले, "या वयात दुसरीकडे कोण घेणार रे मला?" मी दोरीवरचे कपडे काढायला उठलो.

शनिवारी सकाळी थॉमस आला. "मोघेजी, अरबाब बुला रहा है." मग माझ्याकडे वळून, "तुम भी चलो. ये अकेला कुछ उल्टा बोलेगा."

अरबाब जुन्या पिढीतले, मुंबईशी व्यापार केलेले. हिंदी छान बोलायचे. त्यांनी काकांना बसायलाही सांगितलं नाही.

"मोघे, इधर कितना साल हुआ?"

"ग्यारह."

"ग्यारह साल हमारे पास काम किया. फिर उनके लिए ताली क्यों?"

मी मनात म्हटलं, काका, सॉरी म्हणा आणि सुटा. पण काका टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरबाब, मेरा एक लडकी है. मीनल. आठ साल पहले वो स्कूल का टीम में खो-खो खेलती थी. फायनल था, सोलापूर में. सब लडकी का माँ-बाप आया. मेरा औरत का माँ हॉस्पिटल में था, वो नहीं जा सकी. मैं इधर." त्यांनी बोटाने टेबलाची कडा पुसली. "लडकी ने चिठ्ठी लिखा. बाबा, माझं नाव पुकारलं तेव्हा कोणीच टाळी वाजवली नाही."

शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून मराठीतच आलं. अरबाबनी माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं.

"चिठ्ठी का जवाब क्या दिया?" अरबाबनी विचारलं.

"नहीं दिया. घड्याळ भेजा." काका म्हणाले. "अच्छावाला."

चार वर्षं मी या माणसाबरोबर एका छताखाली राहत होतो. त्यांच्या टाळ्यांना हसत होतो.

"लडकी बात करती है?"

"माँ से बोलती है. मैं फोन करता है तो पूछती है, आप कैसे हो. मैं बोलता है, ठीक. फिर माँ को देती है."

"वो मॅच जीती?"

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता. "मालूम नहीं," ते म्हणाले. "चिठ्ठी में नहीं लिखा था. मैंने पूछा नहीं."

अरबाबनी हातातली तसबीह, म्हणजे जपमाळ, खाली ठेवली. मग टेबलावरचा फोन त्यांनी काकांकडे सरकवला. "यल्ला, चलो. पूछो."

मिरजेचा नंबर चौथ्यांदा लागला. काका उभेच होते. "हॅलो, मीनल? बाबा बोलतोय. नाही, नाही, तब्येत ठीक आहे. आईला नको देऊस. तुझ्याशीच काम आहे." त्यांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "सोलापूरला तुमची फायनल होती बघ. खो-खोची. तुम्ही जिंकलात का गं?"

पलीकडून बारीक आवाज सुरू झाला. आम्हाला शब्द कळत नव्हते. काका ऐकत होते, आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. मध्येच त्यांनी विचारलं, "किती जणींना?" आणि थोड्या वेळाने, "मग? पुढे काय झालं?"

अरबाबनी पेन उचललं आणि व्हिसाच्या कागदावर सही केली. काकांचं तिकडे लक्षही नव्हतं. रिसीव्हरवर हात ठेवून ते अरबाबकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हारे थे, अरबाब," ते म्हणाले. "मगर मेरी लडकी ने तीन को आउट किया था. थलाथा."

त्यांनी तीन बोटं वर धरली. खो-खो म्हणजे काय हे अरबाबना माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते नुसते मान हलवत राहिले, आणि मीनल तिकडून बोलतच होती.